बाईंचा चौविहार

मंठ्यात आमचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. घराच्या मागच्या खोलीला पश्चिमेकडे एक खिडकी आहे. तिच्यातून दोन-चार शेतं आणि एका जिनिंगची पत्र्याची शेड दिसते. सूर्य त्या शेडमागे मावळतो. ही खोली माझ्या सासूबाईंची. त्यांना घरात सगळे बाई म्हणतात, त्यांची मुलंसुद्धा, म्हणून इथंही मी बाईच म्हणते.

बाईंचं नक्की वय कोणालाच माहीत नाही. रझाकारांच्या वेळी त्या या घरात नव्या सून होत्या, त्या खुणेवर अंदाज लावायचा. नव्वदीच्या पुढे आहेत एवढं खरं.

बाईंचा चौविहार होता. चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. अन्न नाही, औषध नाही, पाण्याचा थेंबही नाही. आम्हा जैनांत हा नियम पुष्कळ जण पाळतात आणि त्यातले बरेच सोयीनं पाळतात. मी सोयीनं पाळणाऱ्यांतली. चातुर्मासात पाळते, लग्नसराईत गिऱ्हाईक हटत नाही तेव्हा सोडून देते. बाईंचं तसं नव्हतं. लग्नाआधी माहेरी घेतलेला नियम त्यांनी बाळंतपणात मोडला नाही, टायफॉइडमध्ये मोडला नाही. सासरे दुपारी गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, रडारड चालू होती, आणि संध्याकाळी बाईंनी मधेच पदर तोंडावरून काढून मला हाक मारली आणि पाणी मागितलं. सूर्य शेडच्या वर वीतभर राहिला होता. दोन पेले पाणी प्याल्या आणि पुन्हा पदर ओढून घेतला. आलेल्या बायकांना ते विचित्र वाटलं. मला बरं वाटलं. निदान एका माणसाला पुढं काय करायचं ते माहीत होतं.

बाई प्रेमळ वगैरे नव्हत्या. मी हसनाबादहून लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिल्या आठवड्यात ताग्यातून कापड फाडायला शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात उधार मागणाऱ्याचं तोंड ओळखायला. लाड केले नाहीत, छळही केला नाही. आमच्यात बोलणं कामापुरतं व्हायचं. आमच्या घरात मारवाडी आणि मराठीची खिचडी आहे, मी इथं सगळं मराठीतच लिहिते. सुनेला आमच्याकडे बिंदणी म्हणतात. बाईंनी माझं नाव कधी घेतलं नाही, कायम बिंदणी. ते पुढं उपयोगी पडलं. नाव त्या विसरल्या असत्या.

विसरायला लागल्या ते हळूहळू. चष्मा फ्रिजमध्ये, तीच गोष्ट तीनदा, नातवाला मुलाच्या नावानं हाक. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एका संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, मी खोलीत गेले तर बाई तांब्यानं पाणी पीत होत्या. अगदी सहज. मी म्हटलं, बाई, अंधार पडला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. तोंडातला घोट मोरीत टाकला आणि भिंतीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रायश्चित्ताचा उपवास केला. तो करणारच होत्या. उपवास सोडल्यावर मात्र मला बोलावून दार लावायला सांगितलं.

“बिंदणी, माझं डोकं चाललंय,” त्या म्हणाल्या. “पुढं मला आठवणार नाही. तू आठवण ठेव. अंधारात माझ्या तोंडात काही जाऊ देऊ नको.”

“बरं,” मी म्हटलं, गोदामाला कुलूप लाव म्हटल्यावर म्हणावं तसं.

“बरं नको म्हणू. हो म्हण.”

मी हो म्हटलं आणि खाली दुकानात गेले.

त्यानंतरच्या वर्षभरात बाईंची बाकीची पडझड झाली. जालन्याच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, मेंदू आक्रसला आहे असं सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी बऱ्या होणार नाहीत हेही स्वच्छ सांगितलं. त्या डॉक्टरांचं मला ते आवडलं. अशी माणसं दिवस कलताना फार अस्वस्थ होतात, घाबरतात, चिडतात, असं ते म्हणाले. का होतात ते तितकंसं कळलेलं नाही म्हणाले. आमच्या घरात ते कळायला डॉक्टर लागत नव्हता. बाईंना दिवस कलल्यावर एकच भीती असायची: आपण जेवलो नाही आणि सूर्य चालला.

दुपारचा चहा झाला की सुरू व्हायचं. त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या आणि विचारायच्या, सूर्य आहे का अजून? आहे म्हटलं की ताट मागायच्या. मी लवकरच वाढायचे. पोळी दुधात कुस्करून, मुगाची पातळ डाळ. नीट जेवायच्या. आणि हात धुवून पुन्हा खुर्चीत बसल्या की चेहरा बदलायचा. “मला कोणी जेवायला नाही दिलं. सूर्य चालला.” जेवलात म्हटलं तर माझ्याकडे अशा बघायच्या की मी लबाड आहे. आवाज चढायचा. खाली दुकानात गिऱ्हाईक वर बघायचं. यजमान जिन्यातून ओरडायचे, अगं वाढ ना तिला. पुन्हा वाढलं की पुन्हा जेवायच्या आणि पहाटे उलटी.

मी मनाशी म्हटलं, यांना सांगून पटत नाही तर दाखवू. जेवण झालं की उष्टं ताट तसंच समोरच्या स्टुलावर ठेवायचं. डाळीचे ओघळ दिसतील, पोळीचा तुकडा दिसेल, पटेल जेवल्याचं. कल्पना चांगली होती. पण आमच्यात ताटात उष्टं ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. उष्ट्यात जीव पडू नयेत म्हणून. बाई लहानपणापासून ते करत आलेल्या. मी पाठ फिरवली की त्या पेला उचलायच्या, ताट धुऊन प्यायच्या, पदरानं पुसून स्टुलावर ठेवायच्या. मग समोर लखलखीत कोरं ताट. ते बघून त्यांची खात्रीच पटायची की आज आपल्याला कोणी वाढलेलं नाही.

मावशी हे बघून हसून हसून बेजार झाल्या. मावशी म्हणजे बाईंचं करायला आम्ही ठेवलेल्या बाई, जवळच्याच खेड्यातल्या, घरी दोन एकर कापूस आणि सुना खमक्या, म्हणून इथं. त्या म्हणाल्या, “भाभी, तुम्ही पुरावा ठेवून राह्यल्या अन् आजी पुरावा पिऊन राह्यल्या.”

मी पण हसले. मग ताट ठेवणं बंद केलं आणि संध्याकाळचं जेवण तीन वाट्यांत विभागलं. मागितलं की एक वाटी. तिसरी सूर्य अगदी शेडला टेकला की. ते बरेच दिवस चाललं.

खरी अडचण पाण्याची झाली. मागच्या उन्हाळ्यात बाईंना लघवीत जंतू होऊन ताप चढला. ताप आला की त्यांचं उरलंसुरलं भानही जायचं, कपडे काढायच्या, मला माहेरची कोणी समजायच्या. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणी नाही. दिवसा त्या जेमतेम पितात आणि संध्याकाळी सहा-सातपासून सकाळपर्यंत कोरड्या राहतात, मराठवाड्यातल्या मे महिन्यात, तापलेल्या गच्चीखाली. रात्री झोपेपर्यंत दोन-तीन पेले पाणी गेलंच पाहिजे आणि एक गोळी रात्रीचीच आहे. नाही गेलं तर पुन्हा पुन्हा हेच होईल आणि प्रत्येक वेळी मेंदूचा एक तुकडा जाईल.

घरी येताना गाडीत मी यजमानांना म्हटलं, द्यावं लागेल. ते म्हणाले, बाईचा नियम आहे. नणंद जालन्यात राहते, तिनं फोनवर सांगितलं की एवढ्या वर्षांचा नियम भाभी तुझ्या हातून मोडू नकोस, पाप लागेल. मी तिला म्हटलं की बाईंना तुझ्याकडे घेऊन जा आणि नियम पाळ. त्यावर तिनं नवऱ्याच्या गुडघ्याचा विषय काढला.

मी स्वतःशी सरळ विचार केला. नियम घेतला ती बाई शहाणी होती, स्वतःच्या जिवावर घेतला होता. आता समोर आहे तिला तहान लागते हेही सांगता येत नाही. जिला शब्द दिला ती राहिलेली नाही आणि जी राहिली आहे तिची जीभ टाळूला चिकटते. मग शब्द कोणासाठी पाळायचा? असं ठरवून मी दिवा लावल्यावर पेला नेला. बाईंना तहान होती. पेला बघताच हात पुढं आला. ओठापर्यंत नेला आणि थांबल्या.

“सूर्य आहे का?”

“आहे,” मी म्हटलं.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर काळोख. पेला माझ्या हातात परत दिला आणि ओठ मिटून घेतले. सगळं विसरणाऱ्या बाई हे विसरल्या नव्हत्या. स्वतःच्या मुलीला त्या ताई म्हणून अहो-जाहो करत होत्या, पण अंधारात पाणी नाही हे पक्कं होतं.

तेव्हा मी खिडकीचा बंदोबस्त केला. दुकानाच्या पाटीवर उजेड टाकायचा मोठा दिवा होता, पांढरा फक्क, चौकोनी. पाटी बदलली तेव्हापासून पडून होता. वायरमनला बोलावून तो मागच्या गॅलरीत खिडकीबाहेर बसवून घेतला. नुसता लावला तर डोळ्यांत खुपत होता, म्हणून खिडकीला आमच्याच दुकानातलं हळदी रंगाचं पातळ वॉईल लावलं. संध्याकाळी साडेसहाला बटण दाबलं की खोलीत चार वाजल्यासारखं ऊन पडायचं. मी स्वतः दाराशी उभी राहून बघितलं. मला माहीत नसतं तर मीही फसले असते.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, सूर्य आहे का? मी पडद्याकडे बोट केलं. बाई गटागटा पाणी प्याल्या. गोळी घेतली. वर अजून अर्धा पेला मागून घेतला.

मावशी म्हणाल्या, “भाभी, तुम्ही तर सूर्यालाबी कामाला लावलं. पगार ठरवला का न्हाई?”

दिवा लागला की यजमान त्या खोलीत यायचे बंद झाले. पण डोळे मिटून घेणं एवढाच त्यांचा विरोध होता आणि मला तेवढा चालत होता. पंधरा-वीस दिवसांत बाईंची लघवी साफ झाली, ताप गेला, अंगावर थोडं मांस आलं. भीतीही गेली. सूर्य चालला म्हणून ओरडणं थांबलं, कारण सूर्य जातच नव्हता. मी दिवा बंद करायचे ते त्यांना डुलकी लागल्यावर. संध्याकाळी खाली दुकानात मला शांतपणे बसता यायला लागलं. कोणाला सांगितलं नाही, पण मनात म्हणायचे, जमवलं.

मंठ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टर होता, पण तो पंख्यांना आणि दुकानाला. गॅलरीतल्या दिव्याला मी तो जोडून घेतला नव्हता. सुचलं नाही. वायरमनलाही सुचलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी पेला धरला होता आणि बाई पीत होत्या. निम्मा झाला असेल. आणि वीज गेली. खोलीतलं चार वाजल्याचं ऊन एका क्षणात गेलं आणि खिडकीत काळीभोर रात्र उभी राहिली. सूर्य मावळताना आधी लाल होतो, खाली येतो, शेडला टेकतो, तेवढा वेळ मिळतो. हा नुसता गेला, आणि तेव्हा बाईंच्या तोंडात पाणी होतं.

त्यांनी ते माझ्या अंगावर थुंकलं. मग दोन बोटं घशात घातली आणि आत गेलेलं बाहेर काढायला लागल्या. मी हात धरले. नव्वदीच्या बाईत एवढा जोर कुठून येतो मला माहीत नाही. नखानं टाळू फाटला, रक्त आलं. मी सारखं सांगत होते, बाई, वीज गेली, सूर्य नाही गेला, वीज गेली. काय सांगत होते मी! मावशी धावत आल्या तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर होतो आणि बाई रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. ओठ आत ओढून घट्ट बसल्या होत्या.

वीज लगेच आली. ऊन पुन्हा पडलं. बाईंनी त्या पडद्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन गेले. लख्ख उजेड, खाली बाजार भरलेला, मिरचीवाल्यांचा आवाज येत होता. बाईंनी ओठ उघडले नाहीत. मला वाटलं टाळू दुखतो. दुपारी मावशींनी दूध नेलं, तेही परत आलं. तिसऱ्या प्रहरी मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, का घेत नाही? सूर्य आहे की.

“जाईल तो,” बाई म्हणाल्या.

एवढंच. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. उजेडावरचा त्यांचा विश्वास गेला होता. कोणताही उजेड केव्हाही जाऊ शकतो आणि तेव्हा आपल्या तोंडात घोट असेल, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. बाकी काही बसायचं नाही, पाच मिनिटांपूर्वीचं राहायचं नाही, आणि हे मात्र बसलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की भीती आठवणीसारखी जात नाही, ती वेगळ्या जागी राहते. असेल.

मी दिवा काढून टाकला. पडदा काढला. खिडकी सताड उघडी ठेवली, पत्र्याची शेड दिसेल अशी. काही फरक पडला नाही. उलट हळूहळू ‘जाईल तो’ हेही गेलं आणि ‘रात्र आहे’ एवढंच राहिलं. सकाळी रात्र, दुपारी रात्र. बोळ्यानं ओठ ओले केले तर पदरानं पुसून टाकायच्या. अधूनमधून झोपेत, भान अर्धवट असताना, चमच्यानं दोन-चार घोट जायचे. तेवढ्यावर चाललं होतं.

लहान गाव. वरच्या मजल्यावरची म्हातारी पाणी घेत नाही ही गोष्ट खालच्या काउंटरवरून बाहेर जायला किती वेळ लागतो? आमच्या समाजातल्या बायका यायला लागल्या. त्या रिकाम्या हातांनी आणि हळू पावलांनी यायच्या, बाईंच्या पाया पडायच्या, आणि बाहेर येऊन मला म्हणायच्या, भाग्यवान आहेत, अन्नपाणी आपोआप सुटलं. कोणी संथारा शब्द काढला. आमच्यात शेवट जवळ आला की माणूस समजून-उमजून, गुरूंची आणि घरच्यांची परवानगी घेऊन अन्नपाणी सोडतं, त्याला संथारा म्हणतात. त्याचा मोठा मान आहे. नणंद जालन्याहून आली, तिनं बाईंजवळ बसून नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, तीन दिवस राहिली, फोनवर सगळ्यांना सांगत राहिली की बाईंचं मन संसारातून निघालं. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत इतकी शांतता बघितली नव्हती.

यजमानही त्याच वाटेनं चालले होते. रात्री म्हणाले, “तिनं जन्मभर एवढं केलं. कदाचित तिला हेच पाहिजे असेल.”

“तिला पाणी पाहिजे आहे,” मी म्हटलं. “सकाळ झाली की.”

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांना दोष देत नाही. आईला रात्र वाटते आहे म्हणून ती तहानेनं चालली आहे, यापेक्षा तिनं त्याग केला हे कोणालाही सोपं जाईल. मलाही गेलं असतं, दिवा मी लावला नसता तर.

त्या वेळी परतूरकडून पायी विहार करत आलेल्या दोन महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, आमच्या प्रार्थनास्थळात, स्थानकात, उतरल्या होत्या. नणंदेनंच त्यांना विनंती केली, बाईंना संथाऱ्याचं पचखाण, म्हणजे व्रत, द्या म्हणून. त्या दोघी आल्या. मोठ्या महासतीजी म्हाताऱ्याच होत्या, कमरेतून वाकलेल्या, जिना चढताना तीनदा थांबल्या. सकाळचे अकरा वाजले होते. त्या बाईंच्या अगदी जवळ बसल्या आणि तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीआडून मोठ्यानं विचारलं, पाणी का घेत नाही? बाईंनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत ओठांना चिरा पडल्या होत्या, तरी उत्तर स्वच्छ आलं.

“रात्र आहे.”

“आणि सकाळी?”

“सकाळी द्या.”

खोलीत उन्हाचा पट्टा पलंगावर पडला होता. नणंद माळ धरून तशीच बसून राहिली. महासतीजी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “या सकाळची वाट बघतायत. वाट बघणाऱ्याला संथारा देता येत नाही.” उठताना त्या यजमानांना म्हणाल्या, दवाखान्यात न्या. मांगलिकाचा पाठ म्हटला आणि जिना उतरून गेल्या. नणंद त्याच दुपारच्या गाडीनं परत गेली.

दवाखान्यात नेण्याआधी मी एक शेवटचा प्रयत्न केला. खिडकीतला सूर्य खोटा वाटत असेल तर खरा अंगावर पडू दे. मावशी आणि मी, खुर्चीसकट बाईंना गच्चीवर नेलं. भर दुपार होती. मावशींनी डोक्यावरचा पदर मागं केला, मी हात धरून वर केला आणि म्हटलं, बाई, हा बघा सूर्य, हा कोणाच्या बटणावर चालत नाही. हाताला चटका बसत होता. पोळलेल्या गच्चीवर आमचे तळवे भाजत होते. बाईंनी मान वर केली. एवढा उजेड त्यांच्या डोळ्यांना सहन होणार कसा, डोळे आपोआप मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी त्या थोडा वेळ तशाच बसल्या.

“अंधार आहे,” त्या म्हणाल्या.

मावशी म्हणाल्या, “चला भाभी. आजीला लागल ऊन.” त्यांनी पदर परत डोक्यावर ओढला. आम्ही खुर्ची खाली आणली.

जालन्याला बाईंच्या नाकातून पोटात नळी घातली. पहिली त्यांनी उपटली. दुसरी घातल्यावर हातांना पट्ट्या गुंडाळल्या, बोटं मोकळी राहू नयेत म्हणून. त्या हातांनी त्या नळी चाचपडायच्या आणि जमत नसे. आठवड्यानं घरी आणलं. आता पट्ट्या काढल्या तरी चालतं, हात उचलायचा जोर राहिला नाही.

नळीतून सगळं जातं. मुगाचं पाणी गाळून, दूध, ताक, गोळ्या कुटून. ओठ उघडावे लागत नाहीत, विचारावं लागत नाही. डॉक्टरांनी रात्री दहापर्यंतच्या वेळा लिहून दिल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की एवढंच सगळं दिवसा बसवते, थोडं थोडं जास्त वेळा. ते म्हणाले कशासाठी? मी म्हटलं, आमच्यात असतं. ते म्हणाले, चालेल. स्थानकाच्या फळ्यावर रोजची सूर्यास्ताची वेळ लिहिलेली असते, दुकानातला मुलगा येता-जाता बघून येतो. त्याच्या आत शेवटचं पाणी जातं. त्या दिव्याखालच्या दिवसांचं सोडलं तर आता नियम पुन्हा बरोबर चालू आहे. यजमानांना समाधान आहे, नणंदेला फार समाधान आहे, ती लोकांना सांगते. बाईंना काही माहीत नाही. पोट भरतं हेही त्यांना माहीत नसावं, कारण तोंडाला कधी काही लागत नाही. जीभ कोरडी, ओठ आत ओढलेले. त्यांच्या लेखी त्या उपाशी आहेत आणि रात्र संपत नाही.

डॉक्टर म्हणतात, हृदय मजबूत आहे. असं पुष्कळ दिवस चालू शकतं.

सूर्य आहे का, हे त्या आता विचारत नाहीत. मावशी अंग पुसायला लागल्या की कधीतरी विचारतात, “उजाडलं का?” मावशी दर वेळी तितक्याच उत्साहानं सांगतात, उजाडलं आजी, कवाच उजाडलं, कोंबडा वरडून दमला. बाई ऐकतात आणि ओठ मिटूनच ठेवतात.

मला विचारलं तर मी पाय ओढून सरळ करते, उशी थोडी उंच करते, कारण आडवं असताना नळीत पाणी सोडलं तर ठसका लागतो. खिडकीतून शेड दिसते. सूर्य पत्र्याला टेकायच्या आत सिरिंज धुऊन उलटी ठेवायची असते.